खडकातली मासळी आणि टनांचा हिशेब

सुरतेला समुद्र आहे, हे मुंबईतल्या मित्रमैत्रिणींना जसं सांगावं लागतं तसं सुरतेतल्या मराठी माणसालाही सांगावं लागतं. मुंबईत 'मी सुरतेची' म्हटलं की समोरच्याला आधी महाराजांची लूट आठवते, मग साड्या, मग हिरे. आणि सुरतेत लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, उधना या भागांत राहणारी आमची खानदेशी वस्ती लूमच्या खात्यातून घरी आणि घरातून खात्यात. रविवारी कधीतरी डुमसला जायचं, टमेटा भजिया खायची, काळ्या वाळूत पोरांनी लोळायचं, अंधार पडायच्या आत परत फिरायचं. एवढाच आमचा समुद्र. धुळे-जळगाव-नंदुरबारकडून आलेल्या माणसाची माशांशी ओळख तापीतली. आता तीच तापी डुमस आणि हजिऱ्याच्या मधून समुद्राला मिळते, म्हणजे नदी आमच्या गावाकडून आमच्याच मागे मागे सुरतेपर्यंत आली आहे; पण तिच्या पुढे काय आहे याकडे आमच्यापैकी फार कुणी बघत नाही.

मी झूलॉजीची विद्यार्थिनी. वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमांना मागच्या बाकावर बसून ऐकणारी. संपादक मंडळाने 'विषयाचं बंधन नाही' असं सांगितलं, त्याचा फायदा घेऊन माशांवर लिहिते आहे. तेही पापलेट-सुरमईवर नाही. खडकाच्या फटीत, डबक्यात राहणाऱ्या, बोटाएवढ्या, कुणी न खाणाऱ्या माशांवर. माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे किनाऱ्याची किंमत ठरते ती तिथून किती टन मासळी उतरते यावर, आणि ज्या माशांचं वजनच होत नाही ते माशांत धरले जात नाहीत. मग ते जिथे राहतात ती जागा 'रिकामी' ठरते. रिकाम्या जागेचं पुढे काय होतं, हे हजिऱ्याच्या वाटेवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आधी सुरतेचा किनारा कसा आहे ते सांगते, कारण खडक समजायला चिखल माहीत असावा लागतो. खंबातचं आखात म्हणजे मोठं नरसाळं आहे. भरतीचं पाणी रुंद तोंडातून आत शिरतं आणि पुढे जागा अरुंद होत जाते, म्हणून चढत जातं. भावनगरच्या बाजूला तर भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो. नर्मदा, तापी, मही, साबरमती या सगळ्यांचा गाळ याच आखातात येतो आणि पाणी तो दिवसातून दोनदा ढवळतं. त्यामुळे डुमस, सुवाली, हजिरा इकडे पाणी कायम चहासारखं आणि ओहोटीला समोर मैलभर चिखल. 'सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण' अशी म्हण आहे. या जेवणात लोक घारी, लोचो, उंधियु, पोंक मोजतात. पण मासे खाणाऱ्या सुरतकराला विचारा, तो 'लेवटा' म्हणेल. लेवटा म्हणजे आपली निवटी. ही चिखलात बीळ करून राहते, ओहोटीला बाहेर येते, छातीजवळच्या परांवर रेटत रेटत चालते आणि चिखलावर जमलेला सूक्ष्म शेवाळाचा पापुद्रा खरवडून खाते. कल्ल्यांत धरलेलं पाणी आणि ओली कातडी यांवर पाण्याबाहेर तिचं भागतं. तिचं शास्त्रीय नाव बोलिओफ्थॅल्मस दुसुमिएरी. दुसुमिए हा एक फ्रेंच व्यापारी होता. हिंदी महासागरात जहाजं घेऊन फिरायचा आणि जाता येता मासे गोळा करून पॅरिसला पाठवायचा. इथल्या चिखलातल्या माशाला बोर्डोच्या सावकाराचं नाव लागलं आहे, याची मला दर वेळी गंमत वाटते.

लेवट्याचं बरं आहे. तो खाल्ला जातो, विकला जातो, म्हणून त्याला नाव आहे आणि 'हल्ली लेवटा पूर्वीसारखा मिळत नाही' अशी तक्रार करणारं कुणीतरी आहे. माझा मुद्दा ज्याच्याबद्दल तक्रार करणारंही कुणी नाही त्याचा आहे.

सुरतेहून मुंबईला येताना खिडकीची जागा मिळाली तर नवसारी, बिलिमोरा, वलसाड, वापी, संजाण, उमरगाव, घोलवड, डहाणू अशी नावं एकामागून एक जातात. रुळावरून समुद्र दिसत नाही, पण तो उजव्या हाताला सगळ्या वाटेवर आहेच आणि या वाटेवर तो बदलत जातो. उत्तरेकडचा गाळ हळूहळू कमी होतो, वाळू येते आणि उमरगाव-नारगोळपासून डहाणूच्या खाली वाढवण-वरोरपर्यंत जागोजागी काळा खडक डोकं वर काढतो. सह्याद्री ज्याचा बनला तोच हा बेसाल्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं तेव्हा हा खडक उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत पाणी साचून डबकी राहतात. वाणगावला उतरून आम्ही चौघीजणी एकदा वाढवणच्या बाजूला गेलो होतो. पहिला अर्धा तास प्रत्येकीचं एकच वाक्य, 'इथे तर काहीच नाही गं.'

हे 'काहीच नाही' मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, म्हणून त्याचं कारण सांगते. डबक्यातल्या माशाचा सगळा जन्म न दिसण्यात जातो. वरून बगळा, खालून खेकडा, दुपारी तापलेलं पाणी, पावसाळ्यात एकदम गोडं झालेलं पाणी, आणि दिवसातून दोनदा छपरावरून लाटांचा मारा. यात टिकायचं तर अंग बारीक हवं, रंग खडकाचा हवा आणि लाटेने उचलून नेता कामा नये. म्हणून गोबी कुळातल्या माशांचे पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. त्या वाटीने तो दगडाला चिकटून बसतो. ब्लेनी कुळातल्यांना बहुधा खवलेच नसतात, नुसता बुळबुळीत थर. फटीत मागे मागे सरकून शेपटीकडून आत जातात आणि फक्त तोंड बाहेर ठेवतात. पाण्यात तरंगायला माशांना जी वायुपिशवी लागते ती यांच्यातल्या बऱ्याच जणांत नसते किंवा अगदी लहान असते. तरंगायचंच नाही तर पिशवी कशाला? कितीतरी जातींत मादी दगडाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवून जाते आणि नर तिथे बसून राखण करतो, परांनी वारा घालावा तसं पाणी घालतो. सहलीला आलेला माणूस 'बघू काय आहे' म्हणून दगड उलटा करतो आणि तसाच टाकून जातो, तेव्हा त्या बापाचं सगळं काम दोन मिनिटांत उन्हात वाळतं. दगड उचला, पण होता तसा परत ठेवा. शाळेच्या सहलींना हे कुणी का सांगत नाही, कळत नाही.

या माशांच्या अकलेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये लेस्टर ॲरन्सन नावाचे प्राणिवर्तनाचे अभ्यासक होते. बॅथिगोबियस या गोबीवर त्यांनी १९५१ मध्ये एक निबंध लिहिला आणि वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, दुसरा. हा मासा ओहोटीला एका डबक्यात अडकलेला असताना त्याला डिवचलं की तो उडी मारून थेट शेजारच्या डबक्यात पडतो. मधला खडक कोरडा, पलीकडचं डबकं त्याला खालून दिसत नाही, आणि तरी सहसा नेम चुकत नाही. कसं? ॲरन्सन यांनी कृत्रिम डबकी करून पाहिलं. ज्या माशांना एकदा भरतीचं पाणी देऊन त्या सगळ्या जागेवरून पोहू दिलं होतं, त्यांना उडी जमली. ज्यांना तसं फिरायला मिळालं नव्हतं, त्यांना बहुतेक वेळा जमली नाही. म्हणजे भरतीला पाण्याखालून फिरताना हा मासा खडकाचा नकाशा पाठ करतो आणि ओहोटीला तो वापरतो. एका रात्रीत पाठ केलेला हा नकाशा त्यांना चाळीस दिवसांनंतरही आठवत होता. (व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ केलेलं आपल्याला व्हायवाच्या टेबलापर्यंत तरी आठवतं का?) याच बॅथिगोबियस वंशातले मासे आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खडकांतही आहेत. हाजी अली, वांद्र्याच्या बँडस्टँडच्या डबक्यांतही सापडतात.

मला या गोष्टीतून एक साधी शंका येते. ज्या माशाला आपल्या खडकातला प्रत्येक खळगा पाठ आहे, त्याला 'इथून उठ आणि दुसऱ्या खडकावर जा' असं सांगता येईल का?

आता मोजण्याबद्दल. गुजरात समुद्री मासळीत देशातल्या पहिल्या राज्यांपैकी एक. दर वर्षी किती टन मासळी उतरली याचे आकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काढते. ते काम मोलाचं आहे, माझी तक्रार त्या आकड्यांवर नाही. तक्रार ते आकडे कशासाठी वापरले जातात यावर आहे. ते बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे आहेत. जी मासळी बंदरावर कधीच उतरत नाही तिचा त्यात शून्य असणार, आणि शून्य वाचून लोक म्हणतात की इथे मासेच नाहीत. खडकातल्या माशांची गणती वेगळीच करावी लागते. तिच्यात दोन प्रश्न असतात आणि ते दोन्ही वेगवेगळे विचारावे लागतात. किती प्रकारचे, आणि प्रत्येक प्रकाराचे किती. समजा एका डबक्यात तीस मासे आहेत आणि तीसही एकाच जातीचे. दुसऱ्या डबक्यातही तीसच, पण सहा जातींचे पाच-पाच. विपुलता दोन्हीकडे सारखी, विविधता मात्र नाही. पहिल्या डबक्याच्या पाण्यात एकदा काही बिघडलं आणि ते त्या जातीला सोसलं नाही, तर सगळं डबकं ओस पडतं. दुसऱ्यात कुणीतरी उरतं. उलटही होतं. जातींची यादी लांबलचक, पण प्रत्येकीचा एकेकच मासा दिसलेला. अशी यादी अहवालात छान दिसते, पण त्या जाती तिथे नांदत आहेत की भरतीबरोबर चुकून आल्या होत्या, हे त्यातून कळत नाही.

शिवाय एका दिवसाची गणती म्हणजे काहीच नाही. उधाणाच्या ओहोटीला दिसणारे मासे भांगाच्या ओहोटीला दिसत नाहीत, कारण खालचा खडक उघडाच पडत नाही. पावसाळ्यानंतर डबक्यांत पाहुण्या पोरांची गर्दी असते. बोईची पिल्लं, अंगावर कमानदार पट्टे असलेल्या तेरापॉनची पिल्लं, कधी फुगून बसलेलं केंड. ही मंडळी थोडी मोठी झाली की खोल पाण्यात निघून जातात. म्हणजे ज्या बोईला बाजारात भाव आहे तिचं बालपण अशा बिनभावाच्या डबक्यातही जातं. उन्हाळ्यात जाऊन मोजलं तर ही पोरं यादीतच येणार नाहीत. फटीत दडलेला मासा नुसत्या डोळ्याने मोजताही येत नाही. त्यासाठी अभ्यासक लवंगेच्या तेलाचं पातळ मिश्रण डबक्यात सोडतात, मासे गुंगीत बाहेर येतात, ते मोजून, मापून, ताज्या पाण्यात शुद्धीवर आणून परत सोडतात. दाढदुखीच्या औषधाचा हा उपयोग आईला सांगितला तेव्हा तिने कॉलेजच्या फीबद्दल काळजी व्यक्त केली.

असं वर्षभर, त्याच त्या डबक्यांवर, जाऊन मोजायला पैसे लागतात आणि धीर लागतो. कायदा ते करायला भाग पाडत नाही. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत अतिसंवेदनशील जागांची यादी आहे. खारफुटी, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं, हॉर्सशू खेकड्यांच्या जागा, समुद्री गवत, पक्ष्यांची घरटी. खडकाळ किनारा हा शब्द त्या यादीत स्वतःच्या बळावर कुठेच नाही. सुरतेचा चिखल यादीत बसू शकतो, वाढवणचा खडक त्याच्यावर प्रवाळ वगैरे सापडलं तरच बसतो. भरती-ओहोटीमधली जागा म्हणून त्याला खालच्या वर्गातलं संरक्षण आहे, पण तिथे बंदरासारख्या कामांना वाट मोकळी असते. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी हेच दिसलं. वरळी आणि हाजी अलीच्या खडकावरच्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये उचलून कुलाब्याच्या नेव्ही नगरकडे नेल्या, कारण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच खडकाच्या फटीत बसलेल्या ब्लेनीला अनुसूची नाही. तिला कुणी टोपलीत घातलं नाही.

सुरत आणि मुंबईच्या मधल्या या खडकाळ पट्ट्यावर बंदरांची नजर जुनी आहे. उमरगावजवळ मरोलीला नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोठं बंदर करायचं ठरत होतं. त्याविरुद्ध किनारा बचाव संघर्ष समिती उभी राहिली. तिचे नेते निवृत्त लेफ्टनंट कर्नल प्रताप सावे यांना एप्रिल २००० मध्ये पोलिसांनी पकडलं, कोठडीत त्यांना मारहाण झाल्याचा आरोप झाला आणि त्याच महिन्यात ते गेले. बंदर झालं नाही. आता शेजारच्या नारगोळला बंदराची योजना आहे. सीमेच्या अलीकडे डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते आणि १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, अध्यक्ष बदललेले असताना, अटी घालून होकार दिला. ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटींच्या वर, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, १०.१४ किलोमीटरची लाटरोधक भिंत, आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून १२ लाख रोजगारांचा सरकारी अंदाज.

हा रोजगाराचा आकडा वाचून नाक मुरडणं मला परवडत नाही. माझा भाऊ हजिऱ्याच्या एका कारखान्यात कंत्राटी वेल्डर आहे. वडिलांच्या खात्यात मंदी आली तेव्हा दोन वर्षं घर त्याच्या पगारावर चाललं आणि माझी फीही. 'तुझ्या बोटभर माशांसाठी बंदर नको म्हणतेस?' असं त्याने मला सरळ विचारलं. मी म्हटलं, बंदर नको असं म्हणणारे वाढवणचे मच्छीमार आहेत, आणि त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे. तुझ्या पोटाची किंमत धरायची तर त्यांच्याही पोटाची धरावी लागेल. माझी मागणी त्यापेक्षा लहान आहे. भराव टाकायच्या आधी निदान एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू, सगळ्या ओहोट्या धरून या खडकांतले मासे मोजा. जातीही मोजा, संख्याही मोजा. काम सुरू झाल्यावर तीच डबकी पुन्हा मोजा. आणि ते आकडे मराठीत आणि गुजरातीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतील असे लिहा. एवढं केल्याशिवाय 'किनाऱ्याला फारसा धक्का नाही' हे वाक्य कुठल्याही कागदावर येऊ नये.

यावर एक उत्तर तयार असतं. वाढवणचा भराव किनाऱ्यापासून दूर, आत समुद्रात होणार आहे, मग काठावरच्या डबक्यांना काय होणार? मला इथे सुरतेचं शिक्षण उपयोगी पडतं. पाण्याचा वेग कमी झाला की गाळ खाली बसतो, हे तापीच्या मुखाशी राहणाऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. दहा किलोमीटरच्या भिंतीने प्रवाह वळला आणि तिच्या आडोशाला गाळ बसायला लागला, तर खडक जागेवरच राहील, फक्त त्याच्या फटी बुजतील. दगडाखालच्या अंड्यांना वाहतं स्वच्छ पाणी लागतं. वाटीने चिकटणाऱ्याला घट्ट पृष्ठभाग लागतो. तिथे उद्या निवटी येईल, नाही असं नाही; पण खडकातल्याची जागा चिखलातल्याने घेतली आणि आपण 'मासे आहेत की' म्हणून समाधान मानलं, तर तो हिशेब खोटा आहे. असंच होईल असं मी म्हणत नाही. होईल की नाही हे कळायला आधीची गणती हातात हवी, एवढंच म्हणते.

दुसरं उत्तर, भिंतही दगडाचीच असते, मासे तिथे राहायला येतील. हे अर्धं खरं आहे. भावाने एकदा हजिऱ्याकडून मोबाईलवर फोटो पाठवला होता, भरावाच्या दोन दगडांमध्ये बसलेला एक गोबी. खाली लिहिलं होतं, 'बघ, तुझा माणूस.' मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण भरावाचे दगड उभ्या उतारावर रचलेले असतात, ओहोटीचं पाणी त्यांच्यातून निथळून जातं, डबकी जवळजवळ राहत नाहीत. मुंबईच्या टेट्रापॉडांचंही तेच. सिडनी बंदरात ही अडचण ओळखून अभ्यासकांनी समुद्रभिंतींना बाहेरून काँक्रीटच्या कुंड्या बसवल्या, ओहोटीला पाणी धरून ठेवणाऱ्या. आणि नुसत्या भिंतीपेक्षा त्या कुंड्यांत जास्त जाती आल्या. म्हणजे भिंत बांधायचीच असेल तर तीही थोडी शहाणपणाने बांधता येते. आपल्याकडे भिंतीचा खर्च कोटींत मोजतात, त्यात कुंड्यांचे पैसे निघायला हरकत नसावी.

आता हे सगळं वाङ्मय मंडळाच्या अंकात कशाला, तर नावांसाठी. वाढवणच्या खडकावर कालवं काढणाऱ्या एका मावशींना मी डबक्यातला गोबी दाखवून नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला काय नाव? तो खायचा न्हाय." मग जरा थांबून त्यांनी मला तो कुठल्या दगडाखाली अंडी धरतो, कुठल्या महिन्यात दिसत नाही, पाऊस लागला की वरच्या डबक्यांतून कसा गायब होतो, हे सगळं सांगितलं. नाव नव्हतं, माहिती भरपूर होती. मांगेला समाज सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, उमरगाव तालुक्यातही आणि पालघर जिल्ह्यातही, आणि त्यांची मांगेली बोली ही मराठीचीच बहीण. एकाच खडकाबद्दल तिकडची म्हातारी काय म्हणते आणि इकडची काय, हे कुणी शेजारी शेजारी मांडून ठेवायला हवं. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले २०१७ पासून लोकांना ओहोटीला किनाऱ्यावर नेऊन असं दाखवतात, नोंदवतात. प्रमाण मराठीत आपण या माशांना फार तर 'खडकातले बारके मासे' म्हणतो. बोलीत त्याहून जास्त असणारच, ते कानावर पडायला हवं. आणि ते काम झूलॉजीच्या मुलींपेक्षा मराठीच्या मुलामुलींना चांगलं जमेल, कारण आम्ही मावशींचं वाक्य ऐकताना लगेच लॅटिन नाव शोधायला लागतो.

दिवाळी अमावास्येला येते, म्हणजे उधाण आपोआप साधतं. भाऊबीजेपर्यंत या भागातली सकाळची ओहोटी चांगल्या उजेडात मिळते, साडेसात-आठच्या सुमाराला. मी तेव्हा डहाणूकडे जाणार आहे. भाऊ सुरतेहून येतो म्हणाला आहे, ओवाळणी खडकावरच घे म्हणाला. मंडळातून कुणाला यायचं असेल तर घसरणार नाहीत असे बूट, एक वही आणि पेन्सिल आणा. पेन ओल्या हाताने चालत नाही.